पऱ्ह्या शोधून सापडत नाही

रत्नागिरी तालुक्यातल्या एखाद्या गावाची माहिती कुणी हौसेने संगणकात टाइप करून ठेवली आहे, असं धरून चालू. वाड्या, पाखाड्या, विहिरी, सडा आणि पावसाळ्यात दुथडी वाहून पुढे कोरडा पडणारा पऱ्ह्या. फाइल उघडली की 'पऱ्ह्या' हा शब्द पडद्यावर स्वच्छ दिसतो. मग शोधाच्या चौकटीत तोच शब्द टाइप करावा, एंटर दाबावं आणि उत्तर यावं: काहीही सापडलं नाही. शब्द डोळ्यांसमोर आहे आणि यंत्र म्हणतंय, नाही.

यंत्र खोटं बोलत नसतं. या शब्दातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत साधा र, त्याला हलन्त आणि त्यापुढे पडद्यावर न दिसणारं एक जोडचिन्ह. दुसऱ्या रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ क्रमांकाचं, आणि त्याला हलन्त. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत. दुसरी इस्की या भारतीय मानकाला धरून आहे, तर पहिली युनिकोडच्याच जुन्या आवृत्तीशी नातं तुटू नये म्हणून राखली आहे. दिसायला दोन्ही सारख्याच. पण एकेक अक्षर ताडून पाहणाऱ्या साध्या प्रोग्रॅमच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. लिहिणाऱ्याचा कळफलक एक, शोधणाऱ्याचा दुसरा, आणि पऱ्ह्या मध्येच अडला.

'ॲ'चीही हीच कथा. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक 'अ'वर चंद्र चढवून वेळ भागवत होते, आणि अजूनही पुष्कळ जण भागवतात. त्यामुळे एकाच कार्यालयातल्या दोन फाइलींत 'ॲप' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. यादी अकारविल्हे लावायला घेतली की दोन 'ॲप' दोन ठिकाणी जाऊन बसतात.

आता प्रश्न असा, की ही अडचण दुरुस्त कोण करणार? जर्मनीत बसलेल्या प्रोग्रॅमरला ती दिसणारच नाही. दिल्लीतल्या माणसाला देवनागरी येते, पण हिंदीत हा अर्धा र लागत नाही, त्यामुळे त्याच्याही नजरेतून ती सुटते. आपल्याला मात्र 'दुसऱ्या', 'येणाऱ्या', 'कऱ्हाड', 'गुऱ्हाळ' लिहिल्याशिवाय परिच्छेद पुरा करता येत नाही. ही चूक जिला टोचते ती व्यक्ती बहुधा मराठीच असणार. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये नवख्या माणसाने शिरायचं कसं, हा या प्रकरणाचा विषय आहे, आणि माझ्या मते दार इथेच आहे. जे तुम्हाला टोचतं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला टोचू शकत नाही, तिथून सुरुवात करावी.

गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, फिनोलेक्स अकादमी किंवा शासकीय तंत्रनिकेतन, कुठल्याही ठिकाणचा संगणकाचा विद्यार्थी बहुधा उलट्या टोकाकडून येतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, 'कुठल्या प्रोजेक्टमध्ये शिरू?' मग तो गिटहब या संकेतस्थळावर सगळ्यांत जास्त तारे मिळालेली नावं शोधतो, त्यातला एखादा अवाढव्य प्रकल्प उतरवून घेतो, हजारो फाइली पाहून दडपतो आणि आठवड्याने 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून लॅपटॉप मिटतो. प्रश्नच चुकीचा असल्यावर उत्तर बरोबर येणार कसं? त्याने विचारायला हवं होतं, की मी रोज वापरतो त्यातलं मुक्त काय आहे आणि त्यात मला काय खुपतं.

थोडी पूर्वपीठिका, घाईघाईत. सॉफ्टवेअर ज्या मजकुरातून तयार होतं तो म्हणजे स्रोत, सोर्स कोड. बहुतेक कंपन्या तो कुलपात ठेवतात. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरायचं, आतून पाहायचं, बदलायचं आणि बदललेलं दुसऱ्याला द्यायचं स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असलं पाहिजे, ही त्यामागची भूमिका. हे स्वातंत्र्य कायद्याच्या भाषेत बांधणारा जीपीएल परवाना १९८९ मध्ये आला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौस म्हणून एक छोटी कार्यप्रणाली लिहीत आहोत, असं जाहीर केलं. तीच लिनक्स. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तिचाच गाभा आहे. 'ओपन सोर्स' हे नाव त्यानंतरचं, १९९८ चं. जाता जाता एक गोष्ट: टोरवाल्ड्स यांची मातृभाषा इंग्रजी नाही, स्वीडिश आहे. आपली इंग्रजी मोडकी आहे म्हणून गप्प बसणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. या जगात छोटी, सरळ वाक्यं चालतात. किंबहुना तीच आवडतात.

तर पऱ्ह्याकडे परत. दोष दिसला, आता तो आहे कुठे? हा भाग मला सगळ्यांत मजेचा वाटतो, आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.

पडद्यावर एक मराठी अक्षर उमटेपर्यंत तीन-चार टप्पे असतात. कळफलक ठरवतो की कळ दाबल्यावर कुठले क्रमांक साठवायचे. फॉन्टमध्ये अक्षरांचे आकार असतात. या दोहोंच्या मध्ये एक इंजिन असतं, जे क्रमांकांची रांग पाहून ठरवतं की इथे जोडाक्षर करायचं, इथे रफार वर चढवायचा, इथे वेलांटी मागे न्यायची. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड या सगळ्यांत हे काम हार्फबझ नावाचं एकच मुक्त सॉफ्टवेअर करतं. आणि या सगळ्यांच्या वर तुम्ही वापरता तो प्रोग्रॅम.

समजा 'दऱ्या' हा शब्द 'दर्या'सारखा दिसतोय. सह्याद्रीच्या दऱ्या लिहायला जावं आणि समोर दर्या यावा, असा घोटाळा. आधी फॉन्ट बदलून पाहायचा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता, रेड हॅटने खुला केलेला लोहित, टिरो देवनागरी मराठी असे फॉन्ट मुक्त परवान्याखाली फुकट मिळतात. (लोहितची मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची.) फॉन्ट बदलताच शब्द सुधारला, तर दोष पहिल्या फॉन्टचा. सगळ्याच फॉन्टमध्ये बिघडलेला दिसला, तर तोच मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवायचा. तिथे नीट दिसला, तर दोष पहिल्या प्रोग्रॅमचा. दोन्हीकडे बिघडला, तर कळफलकाने साठवलेले क्रमांक तपासायचे. एखाद्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवणारी साधनं सहज मिळतात. अर्धा तास असा घालवला की तुम्ही कुणाचं दार वाजवायचं हे ठरतं. ते ठरवून येणारा नवखा माणूस विरळा असतो, आणि प्रकल्प सांभाळणाऱ्यांना तो पहिल्या दोन ओळींतच ओळखू येतो.

या सांभाळणाऱ्यांना मेंटेनर म्हणतात. प्रकल्पात काय घ्यायचं आणि काय नाही, हे तेच ठरवतात. त्यातले काही पगारी, पुष्कळसे नोकरी-संसार उरकून रात्री बसणारे. मुक्त स्रोताच्या जगात कोडचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो या लोकांच्या वेळेचा. तुमचं काम समजून घ्यायला मेंटेनरला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त मोलाचं काहीतरी त्यातून त्याला मिळालं पाहिजे. नवख्यासाठीचे सगळे शिष्टाचार या एका गोष्टीतून निघतात.

दोषाची नोंद लिहायची तीसुद्धा हे ध्यानात ठेवून. प्रकल्पाच्या पानावर 'इश्यू' नावाचा विभाग असतो. तिथे आधी शोधायचं, की हीच तक्रार कुणी केली आहे का. असेल, तर नवी नोंद न करता तिच्याखाली आपली भर घालायची. नसेल, तर नवी. मथळा 'मराठी नीट चालत नाही' असा नको. त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'अर्धा र दोन रीतींनी साठवला जातो, शोध मात्र एकच रीत ओळखतो' असा हवा. मग आपण काय केलं, काय घडायला हवं होतं, प्रत्यक्षात काय घडलं. प्रोग्रॅमची आवृत्ती, कार्यप्रणाली, फॉन्ट. दोष दाखवणारा मजकूर शक्य तितका लहान: अख्ख्या गावाची फाइल जोडू नये, दोन ओळींची जोडावी, एका ओळीत एका रीतीचा पऱ्ह्या आणि दुसरीत दुसऱ्या. पडद्याचं चित्र जोडावं, पण मजकूरही द्यावा, कारण चित्रातला शब्द कॉपी करून तपासता येत नाही. आणि हे मराठी वाचकाला रोज का अडतं, ते एका वाक्यात. मेंटेनरला मराठी येत नाही. त्याला जे ठाऊक असणं शक्यच नाही ते सांगणं, हीच तुमची भर.

उत्तर काय येईल? कधी काहीच नाही. कधी 'आभारी आहे, पाहतो'. आणि कधी, 'हा दोष आमचा नाही, युनिकोडच दोन्ही रीती मान्य करतं.' हे उत्तर खोटं नसतं. युनिकोडने काही जोड्या समान मानल्या आहेत, उदाहरणार्थ ऱ आणि 'र'खाली नुक्ता; पण अदृश्य जोडचिन्हाची रीत त्या यादीत नाही. अशा वेळी चिडायचं नाही आणि पळूनही जायचं नाही. मानकातलं ते कलम दाखवून म्हणायचं, की मानक बदला असा आग्रह नाही, शोधताना या दोन रीती एक धरता येतील का? इथवर पोचलात, तर प्रोग्रॅमिंगची एक ओळही न लिहिता तुम्ही त्या प्रकल्पाचे सहभागी झालात. पुष्कळ प्रकल्पांत अशा नोंदी पुढे चाचण्यांच्या संचात जातात: प्रत्येक नव्या आवृत्तीत यंत्र तोच शब्द पुन्हा तपासून पाहतं.

आता प्रत्यक्ष बदल. लिनक्सच्या कामासाठी टोरवाल्ड्स यांनीच एप्रिल २००५ मध्ये गिट नावाचं साधन लिहिलं. ते प्रत्येक बदलाची वही ठेवतं: कुणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का. गिटहब हे त्या वह्या ठेवायचं २००८ पासूनचं एक संकेतस्थळ. गिटलॅब, कोडबर्ग अशी आणखीही आहेत. बहुतेक ठिकाणी चाल सारखीच. प्रकल्पाची एक प्रत आपल्या खात्यावर घ्यायची, त्याला फोर्क म्हणतात. ती आपल्या संगणकावर उतरवायची, ते क्लोन. तिच्यात वेगळी शाखा काढून त्या शाखेवर बदल करायचा, तो कमिट करायचा, म्हणजे वहीत कारणासह नोंदवायचा. मग आपल्या खात्यावर ढकलायचा आणि मूळ प्रकल्पाला विनंती करायची, की हा बदल घ्या. ही पुल रिक्वेस्ट. मुलं 'पीआर टाकला' म्हणतात. लिनक्सच्या गाभ्याचं काम मात्र आजही ईमेलवर चालतं, बदलाचा पॅच पत्रातूनच पाठवावा लागतो. पहिल्या दिवशी तिकडे जाऊ नये.

गिटचा एक गुण आपल्याकडे विशेष कामाचा. वहीची पूर्ण प्रत तुमच्याच संगणकात असते. त्यामुळे शाखा काढणं, जुने बदल चाळणं, कमिट करणं यातल्या कशालाही इंटरनेट लागत नाही. आषाढातल्या वादळात लाइन गेली, टॉवर बंद पडला, तरी बॅटरी आहे तोवर काम चालतं. ढकलायचं तेवढं नंतर. नेट मंद असेल, तर 'डेप्थ १' हा पर्याय देऊन क्लोन करावं. सगळा इतिहास न उतरता फक्त आजची स्थिती उतरते. मोठ्या प्रकल्पांचा इतिहास काही गिगाबाइटचा असतो, आणि महिन्याचा डेटा एका रात्रीत संपलेली मुलं मी पाहिली आहेत.

पहिला बदल लहान असावा. लहान म्हणजे खरंच लहान: सूचनेतली एक चुकीची ओळ, बंद पडलेला एक दुवा, सुटलेली एक चाचणी. प्रकल्प चालू करण्याच्या सूचना जशाच्या तशा पाळून पाहणं हे तर नवख्याचंच काम, कारण जुन्याजाणत्यांनी त्या सूचना वर्षानुवर्षं वाचलेल्या नसतात. तुम्ही जिथे अडलात तिथे उद्या दुसरा अडणार. ती ओळ दुरुस्त करा. पुष्कळ प्रकल्प सोप्या कामांवर 'गुड फर्स्ट इश्यू' अशी चिठ्ठी लावून ठेवतात, लिब्रेऑफिस त्यांना 'इझी हॅक' म्हणतं. काम उचलण्याआधी तिथे लिहावं, की मी हे करतो आहे. त्याआधी 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल वाचावी. कोड कसा मांडायचा, कमिटचा मथळा कसा लिहायचा, चाचण्या कशा चालवायच्या, हे तिथे असतं. शिमग्यात परगावची पालखी खांद्यावर घ्यायची, तर त्या गावचा ठेका आधी ऐकावा लागतो. परवानाही पाहावा. काही ठिकाणी तुमच्या कमिटखाली 'हे माझंच काम आहे आणि ते द्यायचा मला अधिकार आहे' अशा अर्थाची सही लागते. नोकरीत असाल, तर कंपनीच्या वेळेत लिहिलेला कोड तुमचा आहे की कंपनीचा, हे आधी विचारून घ्यावं.

पीआर टाकल्यावर यंत्रं आपोआप चाचण्या घेतात, मग माणूस पाहतो. 'इथलं नाव बदला', 'हे दोन बदल वेगळे करा', 'चाचणी जोडा' असे शेरे येतात. आपल्या शाळांत वहीवर लाल शाई म्हणजे मार्क कापले, असं समीकरण झालंय, म्हणून मुलं हे शेरे मनाला लावून घेतात. इथे शेरा म्हणजे कुणीतरी तुमचं काम घेण्याच्या विचारात आहे. नको असतं तर एवढं वाचलं कोणी असतं? त्याच शाखेवर दुरुस्ती करून पुन्हा ढकललं, की त्याच पीआरमध्ये ती दिसते. नवा पीआर टाकू नये. दोन-तीन आठवडे काहीच हालचाल नसेल, तर एकदा नम्रपणे आठवण करावी. रोज नव्हे.

मेंटेनर हल्ली थोडे तुटक का वागतात, त्याला कारणं आहेत आणि त्यातली काही आपल्याकडूनच गेली आहेत. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. २०२० साली चार पुल रिक्वेस्टना टी-शर्ट मिळणार होता. परिणाम असा, की प्रकल्पाची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलीत 'अप्रतिम प्रकल्प' असे दोन शब्द घुसवणाऱ्या विनंत्यांचा पूर आला आणि आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलावे लागले. २०२४ मध्ये एक्सप्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पावर अशीच धाड पडली. पीआर कसा टाकतात हे दाखवणाऱ्या एका भारतीय व्हिडिओत उदाहरणादाखल त्या प्रकल्पाचं पान होतं. ते पाहून असंख्य विद्यार्थ्यांनी रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालायच्या विनंत्या पाठवल्या. प्रत्येक विनंती कुणालातरी हाताने बंद करावी लागते. सराव करायचा तर त्यासाठी 'फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन्स' नावाचं वेगळं मैदान आहे. तिथे नावं घालण्याचीच कवायत असते. त्यात भर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची. कर्ल हा प्रकल्प सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांनी, यंत्राकडून लिहवून घेतलेल्या आणि दिसायला तालेवार पण आतून पोकळ अशा सुरक्षा-तक्रारींबद्दल वारंवार जाहीर वैताग व्यक्त केला आहे. यंत्राची मदत जरूर घ्या. पण जी ओळ तुम्हाला स्वतःला समजावून सांगता येत नाही, ती पाठवू नका.

दुसरं कारण जास्त गंभीर. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारं एक साधं साधन, जवळजवळ एकटा माणूस सांभाळत आलेलं. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी २०२१ पासून मुक्त प्रकल्पांत दिसू लागलं, एक्सझेडला चांगले पॅच देऊ लागलं. थकलेल्या मेंटेनरवर इतर काही खात्यांनी दबाव आणला, की जबाबदारी वाटून द्या. त्याने दिली. २०२४ च्या सुरुवातीला त्याच हाताने ५.६ आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याचा माग काढता काढता हे उघडकीला आलं. जगभरच्या सर्व्हरांवर ते पोचायच्या आत सापडलं, हे नशीब. तेव्हापासून अनोळखी हातांकडे सावधपणे पाहिलं जातं, आणि ते रास्त आहे. विश्वास हळूहळू येतो, आणि तो घाईने मागू नये.

कोड लिहायचाच नसेल, तर भाषांतराचा रस्ता आहे. फायरफॉक्सचं मराठी मोझिलाच्या पॉन्टून या साधनावर होतं, लिब्रेऑफिसचं वेबलेटवर, विकिपीडियाच्या आतल्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. ब्राउझरमध्ये इंग्रजी वाक्य दिसतं, शेजारी मराठी लिहायचं. सोपं वाटतं, आणि पहिल्या तासाभरात अडतं. एखाद्या वाक्यात मधे एक खूणचिठ्ठी असते, तिथे प्रोग्रॅम चालताना शहराचं नाव भरतो. त्यापुढे 'मध्ये' लिहिलं, की मराठी माणसाच्या डोळ्यांत खुपणारं 'पुणे मध्ये पाऊस' तयार होतं. 'त' लावला तर रत्नागिरीचं 'रत्नागिरीत' छान जमतं, पण 'पुणेत'? आपल्या नामाला प्रत्यय लागण्याआधी सामान्यरूप होतं, आणि इंग्रजीत ही भानगडच नाही. म्हणजे हे मराठी भाषांतर कितीही चांगलं केलं तरी सुधारणार नाही. मूळ वाक्यच 'ठिकाण: पुणे, हवामान: पाऊस' अशा घाटाचं करावं लागेल. ही मागणी घेऊन भाषांतरकार मूळ कोडच्या दारात जातो. भाषांतरातून प्रोग्रॅमिंगकडे जाणारी ही वाट मला व्हिडिओ पाहून शिकण्यापेक्षा भरवशाची वाटते, कारण तिथे शिकायचं कारण तुमच्या हातात असतं.

कोकणात मुक्त सॉफ्टवेअरला एक जुना संदर्भही आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट इथल्या एका छोट्या शाळेत 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर शुगर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर होतं. योजना पुढे मावळली, तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण त्या यंत्राच्या कळफलकावर एक कळ होती, जी दाबली की चालू प्रोग्रॅमचा स्रोत पाहता यावा, अशी कल्पना होती. आजच्या महागड्या लॅपटॉपवर तशी कळ मला दिसलेली नाही. शुगरचं काम अजून चालू आहे आणि तिथे नवख्यांना घेतात.

आणखी एक वाट नकाशाची. काटेकोरपणे पाहिलं तर ते सॉफ्टवेअर नव्हे, माहिती आहे; पण रीत तीच. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. कुणीही खातं काढून ब्राउझरमध्येच रस्ता, विहीर, शाळा, वाडी घालू शकतं. मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप चालता चालता साधे प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी आहे का, या दुकानाचं नाव काय. कोकणातली गावं वाड्यांत विखुरलेली, आणि मोठ्या कंपन्यांचे नकाशे बहुधा महसुली गावाच्या नावापाशी थांबतात. एक नियम कडक आहे: दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून उतरवायचं नाही. स्वतः पाहिलेलं, विचारलेलं किंवा परवानगी असलेल्या स्रोतातलं तेवढंच. आणि माझी एक भर: सड्यावरच्या कातळशिल्पांच्या बाबतीत घाई करू नये. ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, तरी कित्येक उघड्यावरच आहेत. अचूक जागा जगजाहीर करण्याआधी गावाला आणि जाणकारांना विचारावं. सगळं खुलं केलंच पाहिजे असं नाही.

सोबत हवी असेल तर ती आता मिळते. मुंबईच्या आयआयटीचा फॉसी प्रकल्प विद्यार्थ्यांना कामं देतो. क्रमिक पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमध्ये उतरवून मानधन मिळवायची त्यांची जुनी योजना आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीतही आहेत. पुण्यात २०११ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि २०१५ मध्ये पुन्हा फेडोरा या लिनक्स-प्रणालीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ईआरपीनेक्स्ट हे जगभर वापरलं जाणारं हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रापेचं. फॉस युनायटेड या संस्थेचे मेळावे मुंबई-पुण्यात भरतात. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून त्यासाठी विद्यार्थीच असायला हवं असं नाही, अठरा वर्षं पूर्ण हवीत. पैसे मिळतात म्हणून तिथे झुंबड असते. निवड होते ती बहुधा त्या प्रकल्पात आधीपासून छोटी कामं करत आलेल्यांची. अर्जाच्या आठवड्यात उगवणाऱ्यांची क्वचितच.

मराठीच्या बाबतीत पहिल्या योगदानापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. पॉन्टूनवर नवख्याने लिहिलेलं वाक्य 'सूचना' म्हणून थांबतं. हक्क मिळालेल्या कुणीतरी ते पाहून मंजूर केल्यावरच ते फायरफॉक्सपर्यंत जातं. सुचवणारे येतात, उत्साह ओसरला की जातात. तपासणारे कमीच उरतात. तेव्हा थोडं काम झालं की तपासणीकडे वळावं. दुसऱ्याच्या सूचना वाचाव्यात, भाषेच्या व्यवस्थापकाला कळवावं की मी तपासायला तयार आहे, आणि दरम्यान आपला स्वतःचा फोन आणि लॅपटॉप मराठीवर टाकून द्यावा. बँकेचं पान उघडताना, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहिताना, पाल्याचा अर्ज भरताना तोच मराठी चेहरा वापरावा. अर्ध्यात कापलेलं बटण, वेलांटी छाटली गेलेली ओळ, 'रद्द करा' आणि 'रद्द झालं' यांतला गोंधळ भाषांतराच्या तक्त्यात बसून कधी कळत नाही. तो असा वापरातच सापडतो, आणि सापडला की लगेच, त्याच दिवशी, आवृत्तीच्या क्रमांकासह लिहून ठेवावा.